वायफाय फुल्ल, पण नेट बंद? दादर स्टेशनपासून गावच्या घरापर्यंत, रोजच्या शब्दांचा साधा अर्थ

दादर (मुंबई) : गावाकडचा माणूस मुंबईत कुठेही निघालेला असो, त्याचे पाय एकदा दादरला लागतातच. कुणी परळच्या टाटा हॉस्पिटलला पेशंट घेऊन आलेला असतो, कुणी झेंडू-शेवंती घेऊन पहाटे फूल मार्केटला, तर कुणी नायगाव-लालबागला पोराच्या खोलीवर. स्टेशनवर उतरून खिशातला मोबाईल काढावा, तर पॅक संपलेला. स्क्रीनवर ‘रेलवायर’ नावाचं नेटवर्क दिसतं. जोडावं का? पैसे कापतील का? त्यावर बँकेचं अ‍ॅप उघडलं तर चालेल का?

खोलीवर पोहोचलं की पोरगं सांगतं, “बाबा, फाईव्ह-जी लिहिलंय त्याला जोडा, दुसऱ्याला नको.” परत गावी यावं तर घरचा वायफायचा डबा लाल दिवा दाखवत बसलेला आणि केबलवाला फोन उचलत नाही.

आता वायफाय ही फक्त शहरातली गोष्ट राहिलेली नाही. खेड्यापाड्यात घरोघरी राउटर बसले आहेत. पण राउटर, बँड, एमबीपीएस, हॉटस्पॉट हे शब्द कुणी नीट समजावून सांगत नाही. ते न कळल्यामुळे कधी उगाच पैसे जातात, तर कधी मोठा घोटाळा होतो. म्हणून ही माहिती. लेख मोबाईलमध्ये ठेवून द्या, घरात कुणाला अडचण आली की उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी : वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे

शेतीतलं उदाहरण घेऊ. विहिरीतून मोटर पाणी उचलते, पाइपलाइन ते बांधापर्यंत आणते आणि तिथून तुषारचे नोझल पाणी पिकावर उडवतात. इंटरनेट म्हणजे विहिरीचं पाणी. कंपनीची वायर किंवा टॉवर म्हणजे पाइपलाइन. वायफाय म्हणजे फक्त शेवटचा तुषार. घरातल्या डब्यापासून तुमच्या मोबाईलपर्यंतचा, पाच-पन्नास फुटांचा बिनतारी टप्पा, एवढंच त्याचं काम.

म्हणूनच मोबाईलवर वायफायच्या काड्या फुल्ल असतात आणि तरी व्हॉट्सअ‍ॅप जात नाही. काड्या फक्त एवढंच सांगतात की मोबाईल आणि डबा यांची गाठ पडली आहे. डब्यात बाहेरून पाणी येतंय की नाही, हे त्या सांगत नाहीत. मोटर बंद असताना नोझल बदलून काय उपयोग? नेट अडलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा : अडलंय कुठे, वायफायमध्ये की लाइनमध्ये?

मोडेम, ओएनटी आणि राउटर

फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. तिच्यातून माहिती उजेडाच्या रूपात येते. तो उजेड घेऊन त्याचा विजेचा सिग्नल करणारं यंत्र म्हणजे ओएनटी. पूर्वी टेलिफोनच्या तारेवर हे काम मोडेम करायचा, म्हणून अजूनही बरेच जण त्याला मोडेमच म्हणतात. आलेलं नेट घरातल्या पाच-सहा मोबाईल, टीव्हीमध्ये वाटून देणारा तो राउटर. आजकाल दोन्ही एकाच डब्यात येतात.

या डब्यावरचे दिवे ओळखायला शिका. ‘पॉवर’ म्हणजे वीज आहे. ‘पॉन’ हिरवा स्थिर असेल तर फायबर नीट आहे. ‘लॉस’ नावाचा दिवा लाल लागला तर उजेड डब्यापर्यंत पोहोचत नाही. तार कुठेतरी तुटली आहे, वाकली आहे किंवा मागची पिन सैल झाली आहे. जेसीबीने रस्ता खणला, झाडाची फांदी पडली, उंदराने कुरतडलं, की गावाकडे हाच दिवा लागतो. अशा वेळी पासवर्ड बदलून किंवा मोबाईल फॉरमॅट मारून काहीही होत नाही. तक्रार करताना “नेट चालत नाही” एवढंच न सांगता “लॉसचा लाल दिवा लागलाय” असं सांगा. समोरच्याला लगेच कळतं की माणूस पाठवावा लागणार.

एक काळजी घ्या. फायबरच्या उघड्या टोकात डोळा लावून बघू नका. त्यातला उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेझरचा असतो. आणि ती तार विजेच्या वायरसारखी दुमडून खिळ्याला गुंडाळू नका. काच आहे, मोडते.

नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड

मोबाईलमध्ये वायफाय चालू केलं की जी नावांची यादी येते, त्यातल्या प्रत्येक नावाला तांत्रिक भाषेत एसएसआयडी म्हणतात. हे नाव मालकाला हवं ते ठेवता येतं. कुणी ‘आई तुळजाभवानी’ ठेवतो, कुणी ‘विचारू नका’. इथेच एक धोका आहे, तो पुढे बघू.

पासवर्ड दोन असतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एक वायफायला जोडायचा. दुसरा राउटरच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरायचा. हा दुसरा पासवर्ड अनेक डब्यांवर कंपनीने ‘अ‍ॅडमिन’ असा सोपा ठेवलेला असतो किंवा खाली स्टिकरवर छापलेला असतो. कनेक्शन बसवायला आलेल्या मुलाकडून दोन्ही बदलून घ्या आणि रेशनकार्डाच्या पिशवीत लिहून ठेवा.

२.४ आणि ५ : कोणत्याला जोडायचं?

वायफाय रेडिओ लहरींवर चालतं. घरगुती राउटर मुख्यतः दोन पट्ट्यांमध्ये बोलतो : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. यांनाच बँड म्हणतात. दोन्ही असतील तर तो ‘ड्युअल बँड’ राउटर.

२.४ हा बैलगाडीसारखा. वेग कमी, पण लांब जातो, भिंत ओलांडतो. ५ हा मोटरसायकलसारखा. वेग जास्त, पण दोन भिंती आल्या की दम तोडतो. राउटर ज्या खोलीत आहे तिथे बसून सिनेमा बघायचा तर ५ ला जोडा. पडवीत, गोठ्यात किंवा अंगणात बसायचं असेल तर २.४ ला.

आता पोराने सांगितलेलं ‘फाईव्ह-जी’. राउटरच्या नावापुढे ५जी लिहिलेलं असतं ते म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. मोबाईल टॉवरचं ५जी वेगळं. तिथे ५जी म्हणजे मोबाईल सेवेची पाचवी पिढी. ती भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली. नावं सारखी असली तरी दोघांचा संबंध नाही. टॉवरचं ५जी नसलेल्या मोबाईललाही वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड दिसू शकतो. तेव्हा “राउटरवर ५जी लिहिलंय म्हणून जास्त पैसे” असं कुणी सांगितलं तर भुलू नका.

दादरच्या चाळीत गर्दी, गावात भिंती

नायगावच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. आता काही चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. अशा खोलीत राउटर कुठेही ठेवला तरी सिग्नल पोहोचतो. तरीही संध्याकाळी नेट रडतं. का? मोबाईलवरची यादी उघडा. वर, खाली, शेजारी मिळून वीस-पंचवीस नावं दिसतात. सगळे एकाच हवेत बोलतायत.

२.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ अशी चॅनेलं आहेत, पण ती एकमेकांवर चढलेली असतात. एकमेकांत न मिसळणारी तीनच धरतात : १, ६ आणि ११. दादरच्या पुलावर सकाळी तीन जिने आणि लोकलच्या दोन गाड्यांची माणसं एकदम आली की जे होतं, तेच इथे होतं. कुणीच पुढे सरकत नाही. अशा ठिकाणी उपाय सोपा आहे : ५ गिगाहर्ट्झला जोडा. तिथे चॅनेलं जास्त असतात आणि शेजाऱ्याचा सिग्नल भिंतीत अडतो, तो आपल्याच फायद्याचा.

गावात उलटं. आजूबाजूला गर्दी नाही, पण घर लांबलचक, मातीच्या नाहीतर दगडाच्या दीड-दोन फूट भिंती आणि वर पत्रा. पत्रा, लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी या गोष्टी सिग्नल अडवतात. लोखंड लहरी परत फिरवतं, पाणी पिऊन टाकतं. म्हणून राउटर टीव्हीच्या मागे, कपाटात किंवा कणगीजवळ ठेवू नका. घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवा. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्याच पट्ट्यात चालतो, त्याच्या शेजारी डबा नको.

एवढं करूनही लांबच्या खोलीत रेंज येत नसेल तर तीन मार्ग आहेत :

रिपीटर : सिग्नल पकडून पुढे फेकतो. स्वस्त, पण वेग बराच घटतो. तो रेंज संपते तिथे लावायचा नसतो, रेंज चांगली आहे अशा मधल्या जागी लावायचा. त्याला स्वतःलाच सिग्नल मिळाला नाही तर तो पुढे काय देणार?

मेश : दोन-तीन डबे मिळून एकच नेटवर्क करतात. घरात फिरलात तरी मोबाईल आपोआप जवळच्या डब्याला जोडला जातो. चांगलं, पण महाग.

लॅनची वायर : राउटरपासून दुसऱ्या खोलीपर्यंत सरळ वायर ओढायची आणि तिथे दुसरा राउटर लावायचा. शंभर मीटरपर्यंत चालते. जुनी पद्धत, पण सगळ्यात भरवशाची.

एमबीपीएसचा हिशोब

“४० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, पण डाउनलोडला पाचच दाखवतंय, फसवलं!” ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा फसवणूक नसते. प्लॅनमधला एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट. मोबाईलमधली फाईल मोजतात मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून ४० ला ८ ने भागायचं, उत्तर ५. म्हणजे १०० मेगाबाइटचा व्हिडिओ उतरायला साधारण २० सेकंद. शिवाय हा वेग घरातल्या सगळ्यांत वाटला जातो. एकाच वेळी टीव्ही, मुलांचा गेम आणि आजोबांचं कीर्तन चालू असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येणार.

वेग तपासायचा असेल तर राउटरच्या शेजारी उभं राहून, बाकीचे मोबाईल बंद करून तपासा. तिथे वेग पूर्ण येत असेल आणि माजघरात येत नसेल तर दोष वायफायचा. तिथेही येत नसेल तर लाइनचा, मग कंपनीशी बोला.

वायफाय ४, ५, ६, ७ म्हणजे काय?

ही वायफायची पिढी. पहिलं मानक १९९७ साली आलं आणि वायफाय हे नाव १९९९ मध्ये पडलं. त्यानंतर दर काही वर्षांनी नवी पिढी येत गेली. वायफाय ४ हे २००९ चं, वायफाय ५ हे २०१३ चं. ६ आणि ७ त्यापुढचे. आकडा मोठा तसा वेग जास्त आणि एकाच वेळी जास्त मोबाईल सांभाळायची ताकद जास्त. पण मोबाईल जुना असेल तर नव्या राउटरचा फायदा मिळत नाही. शिवाय प्लॅनच ३०-४० चा असेल तर वायफाय ७ चा महागडा डबा घेणं म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळाला चार इंची पाइप जोडणं.

हॉटस्पॉट, ब्लूटूथ, एअरफायबर

हॉटस्पॉट : तुमचा मोबाईलच छोटा राउटर होतो आणि आपल्या सिमचा डेटा दुसऱ्याला देतो. पॅक तुमचाच संपतो. काम झालं की बंद करा, बॅटरीही वाचते.

ब्लूटूथ : साधारण दहा मीटरच्या आतलं काम. इअरफोन, स्पीकर, वजनकाटा जोडायला. याला इंटरनेट लागत नाही.

एअरफायबर : फायबरची तार घरापर्यंत येत नाही, टॉवरचा सिग्नल छतावरचा अँटेना पकडतो आणि घरात राउटर तो वाटतो. तार तुटायची भीती नाही, पण टॉवरवर गर्दी झाली की वेग घटतो. घेण्याआधी आपल्या छतावर सिग्नल कसा आहे ते तपासून घ्या.

भारतनेट आणि पीएम-वाणी : ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना म्हणजे भारतनेट. पीएम-वाणीला केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजुरी दिली. त्यात किराणा दुकानदार, चहावाला असा कुणीही आपल्या दुकानात वायफाय लावून लोकांना छोटे पॅक विकू शकतो. त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागत नाही.

स्टेशनचं फुकट वायफाय : घ्यावं का?

रेल्वे स्टेशनवरचं मोफत वायफाय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं. रेलटेल आणि गुगल यांनी मिळून ते उभं केलं. त्याच वर्षी दादरसह मुंबईतल्या इतर मोठ्या स्टेशनांवरही ते आलं. २०२० मध्ये गुगलने अंग काढून घ्यायचं ठरवलं, पण रेलटेलने सेवा चालू ठेवली. आज देशभरात सहा हजारांहून जास्त स्टेशनांवर ती आहे. दिवसाची पहिली ३० मिनिटं मोफत, पुढे हवं असल्यास पॅक घ्यावा लागतो.

जोडायची पद्धत : यादीतून रेलवायर निवडा, ब्राउझरमध्ये पान उघडेल, तिथे मोबाईल नंबर टाका, आलेला ओटीपी भरा. बस. मोफत वेळेसाठी एटीएमचा पिन, आधार नंबर किंवा यूपीआय पिन लागत नाही. कुणी मागितला तर ते पान खोटं, ताबडतोब बंद करा.

आता मघाचा धोका. नेटवर्कला कुणीही कोणतंही नाव देऊ शकतो, हे वर सांगितलं. म्हणजे फलाटावर बसलेला एखादा भामटा आपल्या मोबाईलच्या हॉटस्पॉटलाही तेच नाव देऊ शकतो. तुम्ही जोडलात की तुमची माहिती त्याच्या डब्यातून जाते. बँकेची अ‍ॅप माहिती कुलूपबंद करून पाठवतात, त्यामुळे ती सहज वाचता येत नाही. पण खोटं पान दाखवून तुमच्याकडूनच पिन काढून घेता येतो. म्हणून साधा नियम : बाहेरच्या वायफायवर तिकीट बघा, बातम्या वाचा, पण पैशाचे व्यवहार स्वतःच्या मोबाईल डेटावर करा. आणि “वायफाय चालायला हे अ‍ॅप टाका” असं कुठेही लिहून आलं तर टाकू नका.

घरचं वायफाय उघडं ठेवलं तर?

काही जण म्हणतात, “वापरू दे की शेजाऱ्याला, आपलं काय जातं?” काय जातं, ते मुंबईने २००८ मध्ये पाहिलं आहे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला. पोलिसांनी माग काढला तर तो नवी मुंबईतल्या एका घराच्या कनेक्शनवरून गेलेला निघाला. त्या घराचं वायफाय उघडं होतं, अतिरेक्यांनी ते बाहेरून वापरलं. घरातल्या माणसाचा स्फोटाशी संबंध नव्हता, पण पोलीस आले ते त्याच्याच दारात. चौकशी त्याची, कॉम्प्युटर तपासले तेही त्याचेच. पुढच्याच महिन्यात दुसरा ई-मेल गेला, तो दादरला लागून असलेल्या माटुंग्यातल्या एका कॉलेजच्या वायफायवरून. त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधून लोकांना ताकीद द्यायची मोहीम हाती घेतली.

मुद्दा साधा आहे. कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिली विचारपूस त्याचीच. लालबाग-परळला गाववाल्यांच्या खोलीत आठ-दहा जण राहतात आणि कनेक्शन एकाच्या नावावर असतं. गावाकडे पारावर बसणाऱ्या सगळ्या पोरांना पासवर्ड माहीत असतो. नेट द्यायला हरकत नाही, पण कुणाला दिलंय हे मालकाला माहीत पाहिजे.

त्यासाठी एवढं करा :

१) राउटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षा ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ ठेवा. ‘वेप’ नावाची जुनी पद्धत २००१ मध्येच फोडली गेली आहे. ‘ओपन’ तर नकोच.

२) पासवर्ड किमान बारा अक्षरांचा. मोबाईल नंबर, गाडीचा नंबर, पोराचं नाव नको. गावातल्या सगळ्यांना ते पाठ असतं.

३) पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करा. त्याचा पासवर्ड वेगळा, वाटेल तेव्हा बंद करता येतो.

४) ‘डब्ल्यूपीएस’चं बटण वापरत नसाल तर सेटिंगमधून बंद करा.

५) महिन्यातून एकदा राउटरच्या अ‍ॅपमध्ये किती मोबाईल जोडलेत ते बघा. अनोळखी दिसला तर पासवर्ड बदला. बदलला की सगळेच बाहेर पडतात, मग घरच्यांना पुन्हा जोडा.

फसवणूक होऊन पैसे गेलेच तर उद्यावर ढकलू नका. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. जितकं लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

लाइट गेली की वायफाय गेलं

गावाकडचा हा रोजचा त्रास. राउटर खूप कमी वीज खातो. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात. त्यासाठी छोटा ‘राउटर यूपीएस’ मिळतो, तो लाइट गेल्यावर काही तास डबा चालू ठेवतो. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. ९ व्होल्टच्या डब्याला १२ चा लावला तर डबा जळू शकतो. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की अ‍ॅडॉप्टर बोर्डातून काढून ठेवा.

नेट अडलं? या क्रमाने बघा

पहिलं, डब्याचे दिवे. लॉस लाल असेल तर थेट तक्रार. दुसरं, रिचार्ज संपलाय का. तिसरं, डबा बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग चालू करा आणि दोन-तीन मिनिटं धीर धरा. चौथं, दुसऱ्या मोबाईलवर चालतंय का बघा. चालत असेल तर दोष पहिल्या मोबाईलचा. त्यात ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून पासवर्ड पुन्हा टाका. पाचवं, डब्याजवळ चालतंय आणि लांब चालत नाही, तर जागा बदला. डब्यामागचं टाचणीने दाबायचं ‘रिसेट’ बटण मात्र उगाच दाबू नका. त्याने सगळं सेटिंग पुसलं जातं आणि मग माणूस बोलवावाच लागतो.

पाणी आलं नाही की शेतकरी आधी मोटर बघतो, मग पाइप, मग नोझल. वायफायचंही तसंच आहे. अडलंय कुठे हे आधी ओळखलं, तर निम्मी कामं केबलवाल्याची वाट न बघता घरच्या घरी होतात.